नळाच्या पाण्याची पारख

छत्रपती संभाजीनगरहून पैठणची वाट धरली, म्हणजे साधारण निम्म्या अंतरावर बिडकीन हे मोठे गाव लागते. या वाटेने जाणाऱ्या प्रवाशाला रस्त्याच्या आसपास शहराकडे जाणारे पाण्याचे लोखंडी नळ दृष्टीस पडतात. कोठे ते जमिनीत गाडलेले असतात, तर कोठे एखादा ओढा ओलांडण्यासाठी वर येतात. त्यांतील काही इतके रुंद आहेत की, लहान मूल त्यांत सहज उभे राहावे. पैठणच्या धरणातील पाणी याच मार्गाने शहराकडे जाते.

आता या मोठ्या नळांपासून दूर, एखाद्या घराच्या अंगणातील अर्ध्या इंचाच्या नळाकडे वळू. पाणी सुटण्याची वेळ झाली आहे. तोटी उघडीच आहे. प्रथम नळ नुसताच फुसफुसतो. मग खोकल्यासारखा आवाज करून तांबूस पाण्याची एक चूळ टाकतो. पुन्हा थोडी हवा, पुन्हा गढूळ पाणी, आणि मग हळूहळू स्वच्छ धार लागते. घरातील आजीने तोटीखाली जुनी बादली लावून ठेवलेली असते. नातू घाई करतो, "आजी, हंडा लाव ना! पाणी जाईल की!" आजी शांतपणे म्हणते, "जाऊ दे थोडे. नळाला आधी तोंड धुऊ दे." ती बादली पेरूच्या आळ्यात रिकामी होते, आणि नंतरच हंडा धारेखाली जातो.

आजी कोणत्याही शाळेत रसायनशास्त्र शिकलेली नसेल. तरीही तिने केले ते अगदी योग्य होते. ते योग्य का, हे समजून घ्यायचे, तर पाणी तिच्या अंगणात येईपर्यंत त्याचे काय काय होते, हे पाहिले पाहिजे.

पूर्वी हे कळणे सोपे होते. पाणी आणणारा माणूस नदीवर किंवा विहिरीवर स्वतः जाई. पैठणला संत एकनाथांच्या घरी श्रीखंड्याने बारा वर्षे कावडीने गोदावरीचे पाणी वाहिले, अशी भक्तांची श्रद्धा आहे. नाथांच्या वाड्यातील रांजण आजही त्या आठवणीने भरला जातो. कावड वाहणाऱ्याला नदी गढूळ आहे की निवळली आहे, हे डोळ्यांनीच दिसे. नळ आला आणि डोक्यावरचा हंडा उतरला, ही फार मोठी सोय झाली. परंतु त्याबरोबर पाण्याची वाट जमिनीखाली गेली आणि डोळ्यांआड झाली. म्हणून आता पाण्याच्या लक्षणांवरून त्याच्या वाटेची परीक्षा करावी लागते. वैद्य नाडीवरून शरीराच्या आतील स्थिती ओळखतो, तसेच हे आहे.

पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या मातीच्या बांधामागे जो विस्तीर्ण जलाशय पसरला आहे, त्याला नाथसागर म्हणतात. तो पूर्ण भरला, म्हणजे त्यात सुमारे २९० कोटी घनमीटर पाणी मावते.

नाथसागराचे पाणी नुसते पाहिले, तर निळेशार दिसते; पण ते जसेच्या तसे पिण्याजोगे नसते. त्यात नदीने आणलेली माती असते, शेवाळाचे सूक्ष्म कण असतात, आणि डोळ्यांना न दिसणारे जंतूही असतात. म्हणून शहराकडे जाणारे पाणी वाटेत बिडकीनजवळच्या फारोळा येथील शुद्धीकरण केंद्रात आणले जाते. तेथे जे घडते, ते घरातील जुन्या रीतीचेच मोठे रूप आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की, मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. हे आपल्या घरांतून पूर्वापार करीत आले आहेत. शुद्धीकरण केंद्रातही तुरटीच वापरतात, किंवा तिच्यासारखेच काम करणारे दुसरे द्रव्य. निवळलेले पाणी पुढे वाळूच्या जाड थरातून गाळून घेतात. आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. तुरटीने व वाळूने पाणी निर्मळ दिसू लागते. जंतूंचा नाश मात्र क्लोरीनच करतो. निर्मळ दिसणे आणि निर्जंतुक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथेच ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

येथून पुढची चाल कठीण आहे. पैठणपेक्षा संभाजीनगर शंभर मीटरहून अधिक उंचावर वसलेले आहे. पाणी आपण होऊन उताराने वाहते. चढावर त्याला ढकलावे लागते. या शहराच्या इतिहासात एक काळ असा होता की, पाण्याला ढकलावेच लागत नसे. सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबराने वसवलेल्या खडकी नगराला, म्हणजे आजच्या शहरालाच, पाणी मिळावे म्हणून उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून भूमिगत नहर आणली. नहर-ए-अंबरी या नावाने ती प्रसिद्ध आहे. डोंगर उंचावर आणि नगर सखल, त्यामुळे ना पंप, ना वीज. पाणी केवळ उताराच्या बळावर येई. पाणचक्कीकडे जाणाऱ्या नहरीत तर आणखी एक गंमत आहे. मातीच्या बंद नळांतून खाली आलेले पाणी एका भिंतीत पुन्हा वर चढते आणि तेथून हौदात कोसळते. बंद नळातील पाणी आपल्या उगमाच्या पातळीपर्यंत चढू पाहते, या नियमाचा तो उपयोग होता. कोसळणाऱ्या त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे व धान्य दळले जाई.

आजचे पाणी मात्र सखल जलाशयातून उंच शहराकडे न्यायचे असते. पाणी दहा मीटर चढवायचे, तर नळाच्या आतील भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम भार अधिक पडतो. म्हणून ही चढण एका दमात न चढता टप्प्याटप्प्याने चढतात. मध्येच वीज गेली आणि पंप एकाएकी थांबले, म्हणजे वर चाललेला पाण्याचा प्रचंड स्तंभ मागे फिरतो आणि नळाला आतून हादरा देतो. घरातील तोटी झटकन बंद केली असता भिंतीत 'धप्' असा आवाज कधीकधी येतो, तो याच हादऱ्याचा धाकटा भाऊ. जुना, गंजलेला नळ असा हादरा सोसत नाही. मुख्य नळ फुटला की, शहराचा पाणीपुरवठा कोलमडतो. या शहराच्या अनेक भागांत कित्येक वर्षे पाणी रोज न येता काही दिवसांच्या अंतराने येत राहिले, त्याच्या कारणांत जुने नळ हेही एक कारण होते.

कोणी म्हणेल, पाणी उशिरा आले, तर गैरसोय होईल. त्याने पाणी खराब कसे होईल? या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे आहे. नळ पाण्याने भरलेला असतो, तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. नळाला एखादी बारीक भेग असली, तरी पाणी आतून बाहेर झिरपते. बाहेरची घाण आत शिरू शकत नाही. परंतु पाणी बंद केले की, नळातील उरलेले पाणी सखल भागाकडे उतरून जाते आणि मागे पोकळी राहते. ही पोकळी बाहेरून जे मिळेल ते आत ओढते. तोटी उघडी असेल, तर हवा ओढते. आणि भेगेजवळ गटाराचे पाणी साचले असेल, तर तेही ओढून घेते. शरबताच्या नळीतून तोंडाने शरबत ओढावे, तसाच हा प्रकार. पुन्हा पाणी सुटले की, ओढलेली हवा प्रथम फुसफुसत बाहेर पडते आणि तिच्यापाठोपाठ नळातील गंज, माती व जे काही शिरले असेल ते येते. आजी जी पहिली बादली पेरूला घालते, ती हीच!

काही लोक पाण्याची धार मोठी यावी म्हणून नळालाच विजेची मोटार जोडतात. त्यांच्या टाकीत पाणी लवकर भरते खरे. पण मोटार नळातील पाणी ओढू लागली की, त्या गल्लीतील साऱ्या नळांतील दाब घटतो. शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो, हा झाला एक अन्याय. दुसरा त्याहून वाईट आहे. पाणी चालू असतानाही नळात पोकळी निर्माण होते आणि भेगांतून सांडपाणी आत येण्याचा धोका वाढतो. ते पाणी मोटार लावणाऱ्याच्याच घरात सर्वांच्या आधी पोहोचते.

ही केवळ कल्पना नव्हे. नोव्हेंबर २०१७ मध्ये याच शहरातील छावणी भागात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि जुलाब-उलट्यांची साथ पसरली. काही दिवसांतच हजारो माणसे आजारी पडली. दवाखान्यांत खाटा अपुऱ्या पडल्या. धरणातील पाणी तेच होते. बिघाड वाटेत झाला होता. अशा साथीत सर्वांत जास्त धोका लहान मुलांना असतो, कारण त्यांच्या लहानशा शरीरातील पाणी जुलाबांनी फार लवकर कमी होते. लंडन शहरात १८५४ साली पटकीने एकाच वस्तीत सहाशेहून अधिक बळी घेतले. तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरांनी घरोघर जाऊन, आजारी पडलेले लोक कोठले पाणी पीत होते, याची चौकशी केली आणि रोगाचे मूळ रस्त्यावरील एका हातपंपात आहे, हे दाखवून दिले. त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. त्याच्या विहिरीलगतच एका शौचकूपाची घाण झिरपत होती, हे मागाहून उघडकीस आले. ते पाणी दिसायला मात्र चांगले होते.

तेव्हा नळाचे पाणी बिघडलेले वाटले, तर पहिला प्रश्न हा की, बिघाड कोठे आहे? उगमात, वाटेत, की आपल्याच घरात? याचा छडा लावायला महागडी उपकरणे लागत नाहीत. प्रथम शेजारच्या घरी चौकशी करावी. सर्वांच्याच नळाला तसे पाणी येत असेल, तर दोष बाहेरचा. शेजाऱ्याचे पाणी स्वच्छ आणि आपलेच गढूळ असेल, तर दोष आपल्या जोडनळात किंवा टाकीत. त्यानंतर थेट नळाचे पाणी आणि छपरावरील टाकीतून आलेले पाणी असे दोन पेले भरून शेजारी शेजारी ठेवावेत. दोहोंतील फरकच पुष्कळ काही सांगून जातो.

तांबूस पाणी हे बहुधा लोखंडाच्या गंजाचे असते. घरगुती लोखंडी नळांवर जस्ताचा मुलामा असतो. वर्षानुवर्षे वापरून तो झिजला की, लोखंड उघडे पडते व गंजू लागते. थोडे पाणी वाहून गेल्यावर रंग नाहीसा होत असेल, तर गंज नळाचा. अखेरपर्यंत टिकत असेल, तर आणखी चौकशी हवी. पाण्यात काळे, मऊ कण दिसले, तर ते तोटीतील झिजलेल्या रबरी वायसरचे असू शकतात. दुधासारखे पांढुरके पाणी पाहून पुष्कळ लोक घाबरतात. पण त्याची परीक्षा मोठी मजेची आहे. काचेच्या पेल्यात ते पाणी भरून दोन मिनिटे ठेवावे. पाणी खालून वर निवळत गेले, तर ते केवळ हवेचे बुडबुडे आहेत. बुडबुडे वर जातात, म्हणून तळ आधी स्वच्छ होतो. वरून खाली निवळून तळाशी साका बसला, तर ती माती किंवा क्षार होत. गटारासारखा वास आला, तर मात्र परीक्षा करीत बसू नये. ते पाणी पिऊ नये, त्याने भांडी किंवा भाजी धुऊ नये, आणि ग्रामपंचायतीला अथवा नगरपालिकेला त्याच दिवशी कळवावे. रुग्णालयात रोगी भरती होण्यापूर्वी आलेली अशी एक सूचना साऱ्या गावाला वाचवू शकते.

विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी असेल, तर आणखी एक लक्षण दिसते. मराठवाड्यातील खडक हा काळा कातळ आहे. त्याच्या फटींतून झिरपताना पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. बोलीत जड पाणी. डाळ लवकर शिजत नाही, तपेल्याच्या आत पांढरे कीट चढते, आणि नळाच्या तोंडाशी क्षाराची पुटे जमून धार बारीक होते. हा पाण्याचा दोष जंतूंचा नव्हे. पाणी उकळल्याने काही क्षार तळाशी बसतात, सगळे जात नाहीत. उकळण्याने जंतू मात्र मरतात. शेतातील खतांमुळे विहिरीत उतरलेले नायट्रेट उकळण्याने मुळीच जात नाही. ते जाणण्यासाठी प्रयोगशाळेतच तपासणी करावी लागते.

क्वचित असेही होते की, पाण्याने नळच खाल्ला जातो. अमेरिकेतील फ्लिंट या शहराने २०१४ साली खर्च वाचवण्यासाठी पाण्याचा उगम बदलला. नव्या पाण्यामुळे जुन्या नळांतील शिसे विरघळू लागले, आणि ते मुलांच्या रक्तापर्यंत पोहोचले. पाण्यात विरघळलेल्या शिशाला ना वास असतो ना रंग, ते डोळ्यांना दिसत नाही.

घरातील बिघाडांविषयी फार सांगायला नको. ते डोळ्यांसमोरच असतात. गळणारी तोटी बहुधा चार आण्यांच्या जमान्यातही आणि आजही एका लहानशा वायसरने दुरुस्त होते. तिच्यातून दर सेकंदाला एक थेंब पडतो, असे धरू. दिवसाचे सेकंद ८६,४००. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब होतात. म्हणजे दिवसाला सुमारे सव्वाचार लिटर, आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी! चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात हा हिशेब फळ्यावर मांडून पाहण्यासारखा आहे. छपरावरील टाकीचे झाकण घट्ट असावे. उघड्या टाकीत धूळ व पक्ष्यांची विष्ठा पडते आणि डासांची अंडी वाढतात. बहुतेक टाक्या काळ्या रंगाच्या का असतात, याचेही उत्तर येथेच आहे. शेवाळाला वाढण्यासाठी प्रकाश लागतो, आणि काळी भिंत प्रकाश आत येऊ देत नाही. माठातून पाणी घेताना हात न बुडवता ओगराळ्याने घ्यावे, ही जुनी शिस्त तर सर्वांना ठाऊकच आहे. ती पाळली जातेच, असे मात्र म्हणता येत नाही.

आता राहिला तो क्लोरीन. शुद्धीकरण केंद्रात किंवा गावाच्या टाकीत तो मिसळतात, तेव्हा जंतू मारून झाल्यावरही थोडा शिल्लक राहील, इतका मिसळतात. कारण पाण्याला अजून बराच प्रवास करायचा असतो, आणि वाटेत एखादी भेग भेटलीच, तर तेथून शिरलेल्या जंतूंशी झुंजायला हा शिल्लक क्लोरीनच उपयोगी पडतो. भारतीय मानकानुसार घरच्या नळाला येणाऱ्या पाण्यात तो लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावा. हे मोजण्याची रीत सोपी आहे. पाण्याच्या नमुन्यात तपासणीच्या द्रवाचे काही थेंब टाकले की, क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते. रंग जितका गडद, तितका क्लोरीन अधिक. हे पाणी पिण्याचे नसते; तपासणी होताच ते फेकून देतात. पाणी रंगहीनच राहिले, तर क्लोरीन वाटेतच संपला, असे समजायचे; म्हणजे एक तर तो कमी मिसळला गेला, नाही तर वाटेत त्याला बरीच घाण भेटली. क्लोरीनचा किंचित वास येतो म्हणून काही लोक पाण्याला नावे ठेवतात. भांडे थोडा वेळ उघडे ठेवले की, तो वास उडून जातो.

ग्रामपंचायतीच्या टाकीत ब्लिचिंग पावडर मिसळतात, तिचीही एक खोड आहे. पोते उघडे राहिले, तर तिच्यातील क्लोरीन हवेत उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो. पांढरी भुकटी तीच, मापही तेच. पण पाण्यातील जंतूंना तिची भीती उरत नाही. म्हणून भुकटी किती टाकली, यापेक्षा नळाला पाणी कसे आले, हे पाहणे अधिक खात्रीचे. पावडर मिसळल्यानंतर निदान अर्धा तास थांबून पाणी सोडावे लागते, कारण जंतू मारायलाही वेळ लागतो.

हा नमुना कोठून घ्यावा, यातही शहाणपण आहे. टाकीजवळच्या घरातील पाणी नेहमीच पिवळे होईल. ते तपासून फारसे काही कळत नाही. नमुना घ्यायचा तो गावाच्या टोकाला, ज्या वस्तीपर्यंत पाणी सर्वांत शेवटी पोहोचते, तेथल्या शेवटच्या नळाचा. तोही पहिली बादली वाहून गेल्यानंतर.